फिलबर्नचा गहू, ऑलीचं मटण आणि अमेरिकेची घटना

माळावरचा

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "अमेरिकेतले लिबर्टेरियन म्हणजे टॅक्स नको, बंदूक हवी, विषय संपला." तिथंच उत्तर देत बसलो असतो तर तो धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय. या मंडळींचं, म्हणजे सरकारचा हात शक्य तितका आखूड ठेवा म्हणणाऱ्यांचं, दुखणं नेमकं कुठं आहे ते बघायचं असेल तर बंदूक आणि टॅक्स घटकाभर बाजूला ठेवा आणि गव्हाच्या शेतात या.

ओहायो राज्यात डेटन शहराजवळ रॉस्को फिलबर्न नावाचा शेतकरी होता. दुभती जनावरं, कोंबड्या, दूध-अंड्यांचा धंदा. दरसाल थोडा गहू पेरायचा. त्यातला काही विकायचा, काही जनावरांना घालायचा, काही दळून घरी खायचा, उरलेला बियाण्याला ठेवायचा. मंदीत गव्हाचे भाव पार झोपले होते आणि पेरा आवरल्याशिवाय ते उठणार नाहीत असं रूझवेल्ट सरकारचं गणित. त्यामुळे १९३८ च्या शेती कायद्याखाली कुणी किती एकर गहू लावायचा हे वॉशिंग्टनहून ठरू लागलं. १९४१ च्या पिकासाठी फिलबर्नच्या वाट्याला ११.१ एकर आले. त्यानं २३ पेरले. जादा गहू निघाला २३९ बुशेल. बुशेलला ४९ सेंट या हिशेबानं दंड झाला ११७ डॉलर ११ सेंट.

फिलबर्न कोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं की अमेरिकन संसदेला घटनेनं मोजकेच अधिकार दिलेत, पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात त्यांची यादीच आहे. त्यातला एक, राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन करण्याचा. माझ्या गायीनं माझ्याच रानातला गहू खाल्ला, यात राज्य कुठलं आणि व्यापार कुठला? मुद्दा काही त्यानं हवेतून काढला नव्हता. घटना मंजूर व्हावी म्हणून तिच्या शिल्पकारांतला एक, जेम्स मॅडिसन, १७८८ मध्ये न्यूयॉर्ककरांना हेच पटवत होता, की केंद्राचे अधिकार थोडे आणि ठरलेले आहेत, राज्यांकडचे पुष्कळ आणि मोघम.

१९४२ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं एकमतानं फिलबर्नच्या विरोधात निकाल दिला. न्या. रॉबर्ट जॅक्सन यांचा तर्क साधा होता. घरचा गहू नसता तर तू बाजारातून घेतला असतास. घेतला नाहीस म्हणजे तेवढी मागणी कमी झाली. तुझ्या एकट्यानं काही होत नाही, पण तुझ्यासारखे सगळे शेतकरी असंच करू लागले तर देशभरच्या भावावर परिणाम होतो. सबब हा राज्याराज्यांमधल्या व्यापाराचाच विषय.

लिबर्टेरियनांच्या लेखी अमेरिकेची मूळ घटना त्या दिवशी आतून पोखरली गेली. कारण आता या तर्कात न बसणारी एक तरी गोष्ट सांगा. परसातली मेथी? घरी शिवलेलं झबलं? शेजाऱ्याच्या पोराची फुकट घेतलेली शिकवणी? सगळ्यांमुळे कुठलीतरी खरेदी टळतेच. यादी कागदावर राहिली आणि तिची कुंपणं गेली. मला हे म्हणणं पटतं. ज्यांना पटत नाही त्यांनी लिहावं.

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मका घरचाच आहे, पण वॉशिंग्टनला कळवू नका.

ओहायोकर

माळावरचा साहेब, मी डेटनपासून तासाभराच्या अंतरावर राहतो, त्यामुळे फिलबर्न आमचा गाववालाच म्हणायचा. पण ही गोष्ट सांगताना प्रत्येक जण "घरच्या भाकरीचा गहू" असा सूर लावतो, तो जरा खाली घ्या. एक बुशेल गहू म्हणजे २७ किलोच्या वर. २३९ बुशेल म्हणजे साधारण ६५ क्विंटल. एवढ्या पोळ्या कुठल्या कुटुंबाला लागतात? बराचसा जनावरांच्या दावणीत जाणार, म्हणजे दूध आणि अंडी होऊन बाजारात येणार.

दुसरं. त्या वर्षी या योजनेमुळे अमेरिकन शेतकऱ्याला बुशेलला १ डॉलर १६ सेंटच्या आसपास भाव मिळत होता. जगाच्या बाजारात तो ४० सेंट. भाव एवढा वर टिकला तो बाकीच्यांनी पेरा कमी केला म्हणून. ही मर्यादा शेतकऱ्यांनी मतदानानं मान्य केली होती, ८१ टक्के बाजूनं. आणि दंड टाळायचाच तर जादा गहू नियमाप्रमाणे साठवून ठेवायची किंवा सरकारजमा करायची सोय होती. त्यानं दोन्ही केलं नाही. बांधलेला भाव हवा, बंधन नको, ही तुमची स्वातंत्र्याची व्याख्या आहे का? जॅक्सन यांनी निकालात हेच सुनावलंय, की सरकार ज्याला अनुदान देतं त्याचं नियमनही करू शकतं.

माळावरचा

६५ क्विंटलचा हिशेब मान्य, मी कुठं पोळ्या म्हटलं होतं? पण मतदानाचं बघा. गहू जमिनीत गेला १९४० च्या पानगळीत. तेव्हा दंड होता बुशेलला १५ सेंट. १९४१ च्या मे महिन्यात, पीक उभं असताना, कायदा बदलून तो ४९ केला. मतदान त्याच महिन्याच्या शेवटी. त्याआधी शेतीमंत्री क्लॉड विकर्ड यांनी शेतकऱ्यांपुढे भाषण केलं, त्यात वाढलेल्या दंडाचा उल्लेखच नव्हता. खालच्या कोर्टात फिलबर्न जिंकला तो मुख्यतः याच मुद्द्यावर. सुप्रीम कोर्टानं तो झटकून टाकला. आणि १९ टक्क्यांचं काय? त्यांनी तर होय म्हटलं नव्हतं. बहुमत झालं की अल्पमतवाल्याच्या रानात शिरायला मोकळीक, हे टाळायलाच तर अधिकारांची यादी केली होती ना?

रूझवेल्टच्या पहिल्या कारकिर्दीत हेच कोर्ट असं बोलत नव्हतं हेही लक्षात घ्या. १९३५ मध्ये ब्रुकलिनच्या शेक्टर बंधूंचा खटला आला. ज्यू पद्धतीनं कोंबड्या कापून विकणारे व्यापारी. आजारी कोंबडी विकली, गिऱ्हाइकाला पिंजऱ्यातली हवी ती निवडू दिली, असले केंद्राच्या नियमांखालचे आरोप. कोर्टानं एकमतानं सांगितलं की कोंबड्या ब्रुकलिनला पोचल्या तिथं राज्याराज्यांमधला व्यापार संपला. मग १९३६ मध्ये रूझवेल्ट प्रचंड मतांनी निवडून आले, फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांनी न्यायमूर्तींची संख्या वाढवण्याची योजना पुढे केली. ती काही पास झाली नाही, पण मार्च-एप्रिलपासून निकालांची दिशा फिरली. गव्हाच्या निकालापर्यंत बहुतेक खुर्च्यांवर रूझवेल्ट यांनीच नेमलेले न्यायमूर्ती होते. खुद्द जॅक्सन आधी त्यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, होते.

वकीलबाई

गोष्ट नेहमीसारखी १९४२ ला थांबवलीत. जरा पुढं चला, १९६४ ला.

अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ऑलीज बार्बेक्यू नावाचं घरगुती मालकीचं हॉटेल. आत टेबलावर बसून खायला फक्त गोरे. काळ्यांनी बांधून घेऊन जायचं. हॉटेलांत वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा आला आणि मालक कोर्टात गेले. आमचं हॉटेल गावातलं, गिऱ्हाईक गावातलं, यात राज्याराज्यांमधला व्यापार कुठला? ओळखीचं वाटतंय ना?

कोर्टानं बिलं तपासली. मागच्या बारा महिन्यांत हॉटेलनं दीड लाख डॉलरच्या आसपास माल घेतला होता. त्यातलं ६९,६८३ डॉलरचं मटण, म्हणजे ४६ टक्के, ज्या पुरवठादाराकडून घेतलं तो ते परराज्यातून आणत होता. झालं. निकाल एकमतानं, आणि त्यात फिलबर्नचा गहू आधाराला. ज्या तर्कानं तुमच्या शेतकऱ्याला दंड बसला त्याच तर्कानं त्या हॉटेलातली टेबलं सगळ्यांसाठी खुली झाली. आता सांगा, फिलबर्न उलटवायचा का?

कुंपणावरचा

वकीलबाईंनी मुळावरच घाव घातला.

बॅरी गोल्डवॉटर यांची आठवण झाली. ॲरिझोनाचे सिनेटर. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांचा पाठिंबा होता, १९६४ च्या कायद्याला त्यांनी विरोध केला. कारण हेच, की खाजगी धंद्यात शिरायचा अधिकार घटना केंद्राला देत नाही. माणूस स्वतः वर्णद्वेष्टा होता असं म्हणवत नाही. पण त्याच वर्षी अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा जिंकली किती राज्यं? सहा. एक स्वतःचं ॲरिझोना, आणि उरलेली पाच लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना. तत्त्व कितीही सोवळं ठेवा, पंगतीला कोण येऊन बसलं ते बघायला नको?

माळावरचा

वकीलबाई, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही.

आधी कुंपणावरचा यांना. राज्यांचे हक्क म्हटलं की लगेच गुलामगिरी आठवते, पण इतिहास इतका सरळ नाही. १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा केंद्राचा होता. १८५४ मध्ये मिलवॉकीत जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या माणसाला जमावानं तुरुंग फोडून सोडवलं. शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या कोर्टानं हा केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टानं विस्कॉन्सिनला गप्प केलं. त्या वेळी मानेवर बसलेलं सरकार केंद्राचं होतं आणि सोडवणारं राज्याचं.

दक्षिणेतली वर्णभेदाची व्यवस्थाही काही बाजारानं आपोआप उभारली नव्हती. लुइझियानानं १८९० मध्ये कायदा करून रेल्वेत वेगवेगळे डबे सक्तीचे केले. तो कायदा रेल्वे कंपनीलाही नको होता, वेगळा डबा म्हणजे वेगळा खर्च. त्याला आव्हान देणारा होमर प्लेसीचा खटला उभा राहिला त्यात कंपनीची साथ होती. आणि १९१७ मध्ये लुईव्हिल शहराचा, कुठल्या रंगाच्या माणसानं कुठल्या गल्लीत राहायचं हे ठरवणारा नियम सुप्रीम कोर्टानं रद्द केला तो मालमत्तेच्या हक्कावर, म्हणजे याच जुन्या आर्थिक स्वातंत्र्याच्या विचारावर.

आता ऑली. माणसाला टेबलावर बसू द्यायचं की नाही हे मटण कुठल्या राज्यातून आलं यावर ठरावं, हे तुम्हाला बरं वाटतं? मालकानं अलाबामाचीच डुकरं घेतली असती तर? यादवी युद्धानंतर, कायद्यापुढे सगळे समान म्हणणारी घटनेची चौदावी दुरुस्ती याचसाठी आली होती. १८७५ मध्ये संसदेनं हॉटेलं, नाटकगृहं, वाहनं सर्वांना खुली करणारा कायदा केलाही होता. १८८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो मोडला, चौदावी दुरुस्ती फक्त सरकारी कृतीला लागू आहे म्हणून. उलटवायचाच तर तो निकाल उलटवा.

वकीलबाई

१८८३ चा निकाल वाईटच. पण १९६४ मध्ये तो उभा होता. तो उलटेल या आशेवर कायदा टांगायचा, की दार उघडं आहे तिथून आत जायचं? संसदेनं दुसरा मार्ग धरला. रस्त्यात हॉटेल मिळत नाही म्हणून गाडीत झोपणाऱ्या काळ्या कुटुंबांना कुठल्या कलमाखाली खोली मिळाली याच्याशी काय देणंघेणं?

आणि "व्यवस्था बाजारानं उभारली नव्हती" हे अर्धंच. कायदा नसता तरी जो हॉटेलवाला काळ्यांना टेबल देईल त्याच्या काचा फुटणार होत्या, आणि पोलीस दुसरीकडे बघणार होते. तुमची मंडळी सरकारी जुलूम भिंगातून बघतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा जुलूम दिसला की भिंग खिशात.

माळावरचा

शेवटचं वाक्य लागलं. त्यावर लिबर्टेरियनांचं ठरलेलं उत्तर असतं की काचा फोडणाऱ्याला पकडणं हे सरकारचं पहिलं काम, ते न करणारं सरकारही गुन्हेगारच. तत्त्व म्हणून बरोबर आहे. १९६४ च्या बर्मिंगहॅममध्ये त्याचा काय उपयोग होता, याचं उत्तर या लोकांच्या लिखाणात मला कुठं धड मिळालेलं नाही.

बोंडअळी

एक वेगळा मुद्दा. तुम्ही सगळे केंद्र की राज्य यावर भांडताय. आम्ही यवतमाळकडचे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस विकायचा तर सरकारी योजनेलाच, खाजगी व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा. चुकारा कधी येईल त्याचा नेम नाही. पलीकडे मध्य प्रदेशात किंवा आंध्रात भाव चढा असला की रात्री गाड्या हलायच्या, आणि राज्याच्या सीमेवर आपलाच माल घेऊन चाललेला शेतकरी चोर ठरायचा. माझ्या वडिलांनी ते दिवस काढलेत. हे केलं कुणी? दिल्लीनं नाही, मुंबईनं.

म्हणून विचारतो. फिलबर्न जिंकला असता आणि दुसऱ्या दिवशी ओहायो राज्यानंच ११ एकरांचा कायदा केला असता, तर तुमचे मॅडिसन काय म्हणाले असते? शरद जोशी सरकारचा हात शेतकऱ्याच्या खिशातून काढा म्हणायचे, तो कुठल्या सरकारचा हे त्यांनी वेगळं काढलं नाही.

टवाळ

बोंडअळीनं बोंडच पोखरलं की राव.

वकीलबाई

बोंडअळी भाऊ, नेमका प्रश्न. मॅडिसन बहुधा म्हणाले असते, ओहायोचं ओहायोनं बघावं.

जाता जाता, आपल्याकडे ही खेचाखेच घटनेच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्र-राज्यांच्या अधिकारांच्या याद्यांत, चालते. शेती राज्यसूचीत, पण १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीनं अन्नधान्य, पशुखाद्य, कच्चा कापूस यांचा व्यापार समवर्ती सूचीच्या (केंद्र आणि राज्य दोघांचाही अधिकार) ३३ व्या नोंदीत आला. २०२० मध्ये बाजार समितीबाहेर विक्रीचा कायदा केंद्रानं केला तो या नोंदीवर बोट ठेवून. तिथं गंमत अशी की केंद्राचा अधिकार मोकळीक द्यायला वापरला जातोय असं एक बाजू म्हणत होती आणि राज्यांच्या हक्कांवर घाला पडतोय असं दुसरी. इथं त्यात शिरू नका, धाग्याचा चिखल होईल.

माळावरचा

बोंडअळींच्या प्रश्नावर लिबर्टेरियनांतच दोन तट आहेत. एक तट म्हणतो, केंद्राला बांधून ठेवा, राज्यं पन्नास आहेत, एकात जमलं नाही तर दुसऱ्यात जा. (पाय माणसाला असतात, जमिनीला नसतात. शेतकऱ्यानं कुठं जायचं?) दुसरा तट म्हणतो, हक्क माणसाचा आहे, राज्य सरकारनं हिरावला तरी कोर्टानं मध्ये पडावं.

दुसऱ्या तटाचा आवडता खटला १९०५ चा. न्यूयॉर्क राज्यानं कायदा केला होता की बेकरी कामगाराला दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांवर राबवायचं नाही. जोसेफ लॉकनर या बेकरीवाल्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो ५ विरुद्ध ४ मतांनी पाडला, कराराच्या स्वातंत्र्यावर. न्या. होम्स यांनी विरोधी मतात लिहिलं की घटना काही एका विशिष्ट आर्थिक सिद्धांताची बांधील नसते. आज अमेरिकेच्या लॉ कॉलेजांत लॉकनर म्हणजे शिवी. काही लिबर्टेरियन अभ्यासक दाखवतात की त्या कायद्यामागे युनियनवाल्या मोठ्या बेकऱ्या होत्या आणि मार पडत होता तो तळघरात धंदा करणाऱ्या स्थलांतरितांच्या छोट्या बेकऱ्यांना. मला ते बऱ्यापैकी पटतं. ६० तासांनंतरही भट्टीपुढे उभं राहणं ही कुणाची हौस असते, हे मात्र पटत नाही.

सुमा

वाचनमात्र होते, पण राहवलं नाही. एवढी मोठी तक्रार आहे तर गेल्या ऐंशी वर्षांत कोर्टानं काहीच मागे घेतलं नाही का?

वकीलबाई

सुमाताई, थोडं घेतलं. १९९२ मध्ये सॅन अँटोनियोतल्या एका बारावीच्या मुलानं शाळेत पिस्तूल आणलं. शाळेजवळ बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा करणारा कायदा कोर्टानं १९९५ मध्ये ५-४ नं पाडला. शाळेत बंदूक म्हणजे व्यापार नव्हे. १९३७ नंतर या कलमाची हद्द दाखवणारा हा पहिलाच निकाल.

मग १० वर्षांनी गाडी पुन्हा फिलबर्नच्या बांधावर. कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये जनमतानं औषधी गांजाला परवानगी दिली होती. डायान मॉन्सन यांच्या घरची सहा झाडं केंद्राच्या लोकांनी उपटून नेली. विकलेली नाहीत, राज्याबाहेर गेलेली नाहीत. २००५ मध्ये सहा न्यायमूर्ती म्हणाले, गव्हासारखंच आहे. त्यात एरवी केंद्राला आवर घालणाऱ्यांतले न्या. स्कॅलियासुद्धा. विरोधात न्या. थॉमस यांनी लिहिलं ते थोडक्यात असं, की हेही नियमनात बसत असेल तर बसत नाही असं काही उरतच नाही. खरी मजा पुढं आहे. अलाबामा, लुइझियाना आणि मिसिसिपी, अमली पदार्थांबाबत अत्यंत कडक राज्यं, मॉन्सनबाईंच्या बाजूनं कोर्टात म्हणणं मांडायला आली. आम्हाला गांजा नको, पण कॅलिफोर्नियाचं कॅलिफोर्नियाला ठरवू द्या.

२०१२ मध्ये, प्रत्येकानं विमा घ्यायलाच हवा म्हणणाऱ्या ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याच्या वेळी याच विचाराच्या वकिलांनी जोर लावला. काही न विकत घेणाऱ्याला "घ्या" म्हणणं हे व्यापाराचं नियमन होत नाही, हे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मान्य केलं. आणि मग विम्याची सक्ती कर म्हणून वाचवली. मुद्दा जिंकले, खटला हरले.

तासगावकर

बेदाण्याचं कुणी बोललं नाही अजून. कॅलिफोर्नियातल्या कुणा शेतकऱ्याचे निम्मे बेदाणे सरकारनं फुकट मागितले असं आमच्या सौद्यात एकदा ऐकलं होतं. खरं का ते? आम्हाला तर थाप वाटली.

माळावरचा

थाप नाही हो. मार्विन हॉर्न, फ्रेझ्नोकडचे. भाव टिकावा म्हणून पिकाचा ठरावीक वाटा बेदाणा समितीकडे राखीव द्यायचा अशी पद्धत १९४९ पासून. २००२-०३ च्या हंगामात हा वाटा ४७ टक्के होता, पुढच्या वर्षी ३०. समिती तो माल निर्यातीला देई, शाळांना वाटे, काही उरलं तर शेतकऱ्याला पैसे. ३० टक्क्यांच्या वर्षी काहीच उरलं नाही. हॉर्न यांनी दारात आलेला सरकारी ट्रक रिकामा परत पाठवला. बेदाण्याची किंमत आणि वर दंड मिळून पावणेसात लाख डॉलरच्या पुढं आकारणी झाली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ८-१ नं हे मालमत्ता घेणंच आहे असं ठरवलं आणि ही आकारणी रद्द झाली. मोबदला दिल्याशिवाय खाजगी मालमत्ता घ्यायची नाही ही पाचवी दुरुस्ती, ती घराजमिनीइतकीच बेदाण्यालाही लागू.

गव्हाचा निकाल मात्र जागेवरच. किती पिकवायचं हे सांगायचा सरकारचा अधिकार त्या खटल्यात कुणी तपासलाही नाही. ट्रक लावून माल उचलू नका, एवढंच कोर्ट म्हणालं.

तासगावकर

४७ टक्के! आमच्याकडं तूट धरली तरी माणूस आडत्याशी भांडतो. आणि सरकारची बाजू काय होती मग?

वकीलबाई

सरकार म्हणालं, पटत नसेल तर बेदाणे करू नका, द्राक्षं तशीच विका, नाहीतर वाइन करा. रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात त्याला चिमटा काढलाय, की "वाइन विका" हा सल्ला बेदाणेवाल्यांना फारसा दिलासा देणारा नाही.

तासगावकर

थॉमसन द्राक्षांची वाइन! साहेबाला म्हणावं आधी तू पिऊन दाखव.